मागे फिरू द्यावे



व्हिडिओ गेम म्हटले की मोठी माणसे लगेच म्हणतात, डोळे बिघडतात. ते खरे असेल. पण काही गेम असे असतात की त्यांत बंद जागा लागतात आणि अंगात नवी शक्ती आली की तिथे परत जाता येते. ते मी सुट्टीत छत्रपती संभाजीनगरला आत्याकडे पाहिले. त्यावर मला माझे मत सांगायचे आहे.

पुष्कळ वडिलांनी लहानपणी टीव्हीला कॅसेट लावून मारिओ खेळलेला आहे. तो गेम जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली काढला. त्यात उजवीकडे पळायचे. पडदा सरकला की मागचे गेले ते गेलेच. नाणे राहिले तर राहिले.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, त्याच कंपनीचा मेट्रॉइड आला. त्यात सॅमस आहे. अंगावर चिलखत असते, गेम लवकर संपवला तरच कळते की ती बाई आहे. हे मला लय आवडले. सुरुवातीला उजवीकडे गेले की वाट इतकी बुटकी होते की शिरताच येत नाही. डावीकडे एक वस्तू सापडते, तिने सॅमस चेंडूसारखी गोल होते. मग परत यायचे आणि त्याच बिळातून घरंगळत जायचे. पुढे लाल दारे लागतात. ती ५ क्षेपणास्त्रे मारल्याशिवाय उघडत नाहीत. म्हणजे सॅमस काही ढ नव्हती. तिच्याजवळ ती वस्तू नव्हती, एवढंच.

आतेभाऊ म्हणतो, असे गेम कंटाळवाणे, तेच तेच बघावं लागतं. मलाही कधी कधी कंटाळा येतो, रस्ता आठवत नाही. पण जिथे मघा डोके आपटले तिथूनच झपकन पार होताना जी मजा येते, ती नव्या जागेत येत नाही.

आता आपल्या शाळेचे. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी आईबाप ऊसतोडीला जातात. तिसरीत माझ्या बाकावरची मैत्रीण पण गेली, धाकट्या भावाला सांभाळायला. पाडव्याला आली तोवर आमचा भागाकार होऊन गेला होता. तिचे मारिओसारखे झाले, पान सरकून गेलेले. पोरं तिला ढ म्हणाली. पण तिकडे कोपीवर राहून ती उसाच्या मोळ्या पाच-पाच, दहा-दहा अशा मोजायची. जाताना तिला पाढे येत नव्हते, आली तेव्हा येत होते! या पावसाळ्यात आम्ही दोघी तिसरीचे जुने पुस्तक घेऊन बसलो. भागाकार तिला दोन दिवसांत आला. किल्ली तिच्याजवळच होती, दारापाशी कुणी नेले नव्हते.

बाई म्हणतात, अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो. तेही खरे. पण शनिवारी सकाळच्या शाळेत अर्धा तास मागच्या पानांना द्यावा. ज्याचे जे अडले ते त्याने करावे.

हॉलो नाइट नावाचा एक गेम ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी २०१७ साली काढला. त्यात नकाशावर आपल्या हाताने खुणा लावता येतात, म्हणजे कुठे अडलो ते विसरत नाही. तसा धड्यांचा एक तक्ता या भित्तिपत्रकाशेजारी लावावा. नाव लिहायचे नाही, नाहीतर पोरं चिडवतात. नुसती टाचणी लावायची. एका धड्यावर लय टाचण्या झाल्या की बाईंना आपोआप कळेल.

पुठ्ठा मी आणते. टाचण्या पालकांनी द्याव्यात. माझी टाचणी अपूर्णांकावर लागणार, आत्ताच सांगते. माझी मैत्रीण यंदाही जाणार आहे, म्हणून तक्ता पाडव्यापर्यंत कुणी काढू नये.

— इयत्ता ४ थी