टिपांमध्ये दडलेली नाती

28 सप्टेंबर 2018 रोजी इन्फीबीम या ऑनलाइन विक्री कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे 70 टक्के कोसळला. निमित्त होतं व्हॉट्सॲपवर फिरलेल्या, उपकंपनीला दिलेल्या बिनव्याजी कर्जाबद्दलच्या संदेशाचं. संदेश कुणीही लिहिलेला असो, त्यातून भागधारकांना पडलेला प्रश्न रास्तच होता: आपला पैसा कुणाला आणि कोणत्या अटींवर दिला जातोय?

नाशिकच्या द्वारका परिसरातल्या एखाद्या दुकानदाराला त्याचा मेहुणाच माल पुरवत असेल, तर कुणाची तक्रार नसते. पैसा दुकानदाराचा असतो. शेअर बाजारातल्या कंपनीत तो आपला असतो. म्हणून संबंधित पक्षांशी (उपकंपन्या, संचालकांचे नातलग वगैरे) होणाऱ्या व्यवहारांना कंपनीच्या लेखापरीक्षण समितीची पूर्वमंजुरी बाजार नियामक सेबीने सक्तीची केली. पण पुरवठादाराशी असलेलं नातंच लपवलं, तर तो व्यवहार समितीपुढे येतच नाही. नाशिककर गुंतवणूकदारांनो, वार्षिक अहवालातल्या टिपा वाचा आणि सर्वसाधारण सभेत संचालकांना विचारा: माल कुणाकडून घेता, त्यात तुमचा वाटा किती?