गृहोपयोगी विज्ञान : पाण्याने घट्ट होणारा गोंद

चिकटवण्याचे एखादे साधन प्रत्येक घरात पूर्वापार असतेच. पतंगासाठी मैद्याची खळ, पाकिटासाठी बाभळीचा डिंक, सुताराच्या कामासाठी सरस. या साऱ्यांचा धर्म एकच आहे. त्यांतील पाणी उडून गेले की ते वाळतात आणि वस्तू घट्ट धरून ठेवतात. डिंकाची बाटली उघडी राहिली तर डिंक आटतो, आणि थोडे पाणी घालून ढवळले की तो पुन्हा कामास येतो. हाच अनुभव आपण सुपर ग्लूलाही लावू पाहतो आणि नेमके तेथेच फसतो.

बंगळूरच्या अनेक घरांत नवरात्रात बाहुल्यांची मांडणी करतात. कन्नडमध्ये तिला ‘गोंबे हब्ब’ म्हणतात. पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर राजाराणीची लाकडी जोडी मानाच्या जागी बसते. तिच्याभोवती देवदेवता, वाणी-वाणीण, वाजंत्री आणि जवळच्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची खेळणी मांडली जातात. वर्षभर पेटीत गुंडाळून ठेवलेल्या या बाहुल्या बाहेर काढल्या की कोणाचा हात निखळलेला असतो, कोणाचा मुकुट तुटलेला असतो. मग गेल्या वर्षी आणलेल्या सुपर ग्लूच्या नळीचा शोध सुरू होतो. ती सापडते खरी, पण आतील द्रवाचा दगड झालेला असतो. ‘उन्हाने वाळला’ असे म्हणून नळी फेकून दिली जाते. वास्तविक समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवरील या शहराची हवा सौम्य आहे. शिवाय नवरात्र ज्या सप्टेंबर-ऑक्टोबरात येते, ते तेथील सर्वाधिक पावसाचे महिने होत. तेव्हा दोष उन्हाचा नसून ओलाव्याचा आहे.

या गोंदाचे रासायनिक नाव सायनोॲक्रिलेट. त्यात उडून जावे असे पाणी मुळी नसतेच. त्याचे सुटे रेणू एकमेकांशेजारी मोकळे असतात आणि पाण्याचा अंश मिळताच त्यांची लांबच लांब साखळी बनू लागते. साखळ्या बनल्या की द्रवाचे कठीण प्लास्टिक होते. कोणत्याही वस्तूच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा अदृश्य थर असतो. तेवढाही या क्रियेस पुरतो. बोटाच्या घामट त्वचेला हा गोंद क्षणार्धात धरतो, याचेही कारण हेच. नळीत तो पातळ राहावा म्हणून कारखान्यात त्यात किंचित आम्ल मिसळलेले असते, पण वारंवार दमट हवा आत गेली की त्या आम्लाचे काही चालत नाही. एकदा जमलेला गोंद पाणी घालून किंवा ऊब देऊन पूर्ववत होत नाही.

या चिकटपणाचा शोध लागला तोही काहीसा अनिच्छेने. 1942 मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमयंत्रासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे द्रव्य जेथे तेथे चिकटते म्हणून त्यांनी ते बाजूला टाकले. 1951 मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी त्याचा पातळ थर प्रकाशाचे वक्रीभवन मोजणाऱ्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये ठेवला, आणि ते लोलक एकमेकांपासून सुटेनात. तेव्हा कोठे या दोषातील गुण ध्यानी आला, आणि 1958 मध्ये हा गोंद विक्रीस आला. आपल्याकडे फेविक्विकसारख्या नावांनी तो गल्लीतल्या वाण्याकडेही मिळतो.

आता जपणुकीकडे वळू. सर्वांत सोपा उपाय विकत घेतानाच करावयाचा आहे. मोठी बाटली स्वस्त वाटते, पण ती निम्मी वाया जाते. वर्षातून दोनचारदा लागणाऱ्या घराने अर्ध्या ग्रॅमच्या छोट्या नळ्याच घ्याव्यात आणि एका वेळी एकच उघडावी. न उघडलेली नळी साधारणतः वर्षभर टिकते. उघडलेलीचा भरवसा महिना-दोन महिन्यांपलीकडे धरू नये.

काम संपताच नळी उभी धरून हलकेच टिचकी मारावी, म्हणजे तोंडाशी आलेला थेंब आत उतरेल. तोंड प्लास्टिकच्या कोरड्या तुकड्याने पुसावे आणि टोपण लगेच घट्ट लावावे. तोंडाशी गोंद साचला की टोपण नीट बसत नाही आणि हवेला वाट मिळते. नंतर ती नळी घट्ट झाकणाच्या लहान बरणीत उभी ठेवावी. औषधाच्या बाटलीत येणारी सिलिका जेलची पुडी त्या बरणीत टाकावी. ती बरणीतील ओलावा शोषून घेते. बरणी कोरड्या, सावलीच्या कपाटात असावी. मोरीजवळचा कोनाडा, चुलीवरची फळी आणि उन्हातली खिडकी या तिन्ही जागा टाळाव्यात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

पुष्कळजण हा गोंद फ्रिजमध्ये ठेवतात. न उघडलेल्या नळीसाठी ही युक्ती चांगली आहे, कारण थंडीत साखळी बनण्याची क्रिया मंदावते. परंतु थंड नळी बाहेर काढून लगेच उघडली तर, गार पाण्याच्या पेल्यावर दव धरते तसे तिच्या तोंडावर व आत दव धरते, आणि गोंदाला नेमके हवे तेच मिळते. म्हणून तासभर बाहेर राहून ती खोलीइतकी उबदार झाल्यावरच उघडावी. एकदा उघडलेली नळी मात्र कोरड्या बरणीतच बरी.

फ्रिजचा आणखी एक धोका याहून गंभीर आहे. डोळ्यांत घालावयाच्या औषधाच्या कुप्याही तेथेच असतात, आणि आकाराने त्या गोंदाच्या बाटलीसारख्याच दिसतात. घाईत औषध समजून डोळ्यात गोंद घातल्याचे प्रकार अनेक देशांतील नेत्रवैद्यांनी नोंदवले आहेत. घरात आजीआजोबा असतील, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर गोंद व औषध एका खणात कदापि ठेवू नये. गोंदाच्या डबीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे व ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. तरीही अपघात घडलाच तर पापण्या ओढू नयेत. स्वच्छ कोमट पाण्याने डोळा भरपूर धुवावा आणि विनाविलंब नेत्ररुग्णालय गाठावे; बंगळूरमध्ये मिंटोसारखे जुने सरकारी नेत्ररुग्णालय आहे.

बोटे चिकटल्यास ती ओढून सोडवू नयेत. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोनयुक्त द्रव्य त्वचेवर उपयोगी पडते, मात्र ते डोळ्यांजवळ नेऊ नये, आणि लाखेच्या खेळण्यांवर लावल्यास रंग उतरण्याची भीती असते. सुती किंवा लोकरी कापडावर हा गोंद सांडला तर इतकी उष्णता निर्माण होते की अंग भाजू शकते. म्हणून सांडलेला गोंद कापसाने टिपू नये.

एवढे जपूनही हा गोंद सर्व कामांचा नव्हे. मातीच्या सच्छिद्र बाहुलीत तो शोषला जातो. तिला पांढरा गोंदच बरा. लाकडी हाताच्या नेमक्या बसणाऱ्या सांध्याला मात्र सुपर ग्लूचा एक थेंब पुरतो. अधिक लावल्यास सांधा सुटाच राहतो आणि भोवती पांढरट डाग पडतो.

डिंकाला पाणी जगवते आणि सुपर ग्लूला पाणी मारते, एवढे एक सूत्र घरातील सर्वांनी लक्षात ठेवले तर पुढच्या नवरात्रात मोडलेला मुकुट वेळेवर बसेल, आणि नळी कपाटातून निघेल तेव्हा ती पातळच असेल.