भट्टीच्या मळीचा हिशेब

उसाच्या मळीचा हिशेब मागायला महाराष्ट्रातील शेतकरी केव्हाच शिकला. मळी, बगॅस आणि प्रेसमड यांचे पैसे कोठे मुरतात हा त्याचा जुना प्रश्न; २०१२ च्या रंगराजन समितीनेही उपपदार्थांसह होणाऱ्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा उसाच्या दरापोटी द्यावा, अशी शिफारस केली. दुसरीही एक मळी आहे. ती लोखंडाच्या भट्टीतून निघते, तिच्यात जनतेचे भांडवल ओतलेले आहे, आणि तिचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

झोतभट्टीत लोखंड वितळते तेव्हा खनिजातील माती, कोळशाची राख आणि चुनखडी यांची धातुमळी, म्हणजेच कारखान्यांच्या बोलीतील स्लॅग, वर तरंगते. ती सावकाश निवू दिली तर दगड होतो. पाण्याच्या झोताखाली एकदम थंड केली तर काचेसारखी वाळू होते. ही वाळू दळून थोड्या चुन्याच्या सान्निध्यात आणली की तिच्यात सिमेंटचा गुण जागा होतो. एमिल लांगेन या जर्मन गृहस्थाने ते १८६२ मध्येच ओळखले होते. भारतीय मानकानुसार पोर्टलंड स्लॅग सिमेंटमध्ये या मळीचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत असू शकते. उरलेला भाग मुख्यतः क्लिंकरचा. त्यासाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजावी लागते आणि टनामागे ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मळीने ती आच लोखंडाच्या भट्टीतच सोसलेली असते. सिमेंट कंपनीची चुनखडीही वाचते, कोळसाही वाचतो.

हे सिमेंट म्हणजे गरिबाच्या माथी मारलेली भेसळ, असे काही कार्यकर्तेही बोलतात. ते चूक आहे. त्याला ताकद उशिरा येते, म्हणून पाणी जास्त दिवस मारावे लागते आणि फळ्या काढण्याची घाई करून चालत नाही. घाईच्या ठेकेदाराला ते अडचणीचे वाटते ते यासाठी. खाऱ्या हवेत आणि समुद्राच्या पाण्यात मात्र ते साध्या सिमेंटपेक्षा अधिक टिकते. कोकणपट्टीला याहून योग्य सिमेंट नाही. आक्षेप घ्यायचा तो मळीवर नव्हे, तिच्या मालकीवर.

भिलाईचे उदाहरण घ्यावे. सोव्हिएत सहकार्याने, जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटली. तिची मळी वापरणारा सार्वजनिक सिमेंट महामंडळाचा मांढरचा कारखाना १९९० नंतरच्या दशकात बंद पडू दिला गेला. पुढे २००७ मध्ये खुद्द भिलाईच्या मळीवर सिमेंट काढायला जी संयुक्त कंपनी निघाली, तिच्यात खाजगी भागीदाराचे ७४ टक्के आणि सरकारी पोलाद प्राधिकरणाचे २६! भट्टी सरकारची, मळी सरकारची, आणि बहुमत दुसऱ्याचे. शेजारच्या जामुलच्या खाजगी सिमेंट कारखान्यात मळीवर राबणारे कंत्राटी कामगार कायम नोकरीसाठी वर्षानुवर्षे लढले. त्या पट्ट्यातील कंत्राटी कामगारांना संघटित करणाऱ्या शंकर गुहा नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली; जामुलच्या तडजोडीला २०१६ साल उजाडले.

मळी फुकट दिली जात नाही, ती विकली जाते, असे उत्तर मिळेल. खरे आहे. पण विकत घेणारे कोण? स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये संगनमताने भाव ठरवल्याबद्दल अकरा सिमेंट कंपन्यांना ६,००० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. तो आदेश प्रक्रियेच्या कारणावरून रद्द झाला, तेव्हा २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा तोच निष्कर्ष काढला. २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला आणि कंपन्यांनी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढली. अशा बाजारात कच्चा माल स्वस्त झाला म्हणून गोणीचा भाव उतरेल, असे अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तकच म्हणू शकते. सिमेंट उद्योगाचे परिव्ययलेखे सरकारकडे जातात. लोकांसमोर ते येत नाहीत. महाराष्ट्रात सिमेंटच्या वाटपावरून जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. पुढच्याच महिन्यात अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे सिमेंट नियंत्रणमुक्त झाले. एका मंत्रालयाच्या मर्जीतून सुटलेली गोणी मूठभर कंपन्यांच्या मर्जीत गेली, इतकेच.

आता त्यावर पर्यावरणाचा मुलामा चढतो आहे. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन पतव्यापाराची योजना अधिसूचित केली. क्लिंकर कमी वापरणाऱ्याची पत वाढेल, ती बाजारात विकताही येईल. ज्या भट्टीच्या मळीमुळे हे पुण्य लाभले, तिच्या वाट्याला काय? तिच्या वाट्याला उरते दुसरी मळी, पोलाद शुद्ध करताना निघणारी. तिच्यात मोकळा चुना असतो, ती पुढे फुगते, म्हणून सिमेंटवाले तिला सहसा हात लावत नाहीत. दाणे खाजगी कोठारात आणि कोंडा सार्वजनिक अंगणात, अशी ही वाटणी आहे.

सार्वजनिक पोलाद कारखान्यांच्या मळीविक्रीचे करार संसदेसमोर मांडले जावेत, खरेदीदाराच्या परिव्ययलेख्यांसह. त्या मळीवरील कार्बन पतीत भट्टीचा वाटा करारातच लिहिलेला असावा, आणि मळी उचलणाऱ्या-दळणाऱ्या कंत्राटी कामगाराला कायम कामगाराचे वेतन देणे ही विक्रीची अट असावी. सरकारी घरकुल योजनांसाठी या मळीचे सिमेंट सार्वजनिक क्षेत्रानेच दळावे. दळायला फार मोठे तंत्र लागत नाही. वाळवणी आणि चक्की लागते.