मीटरची उघडझाप

सरकारी कार्यालयात माणूस जागेवर आहे की नाही, हे खुर्चीकडे बघून कळत नाही. वर पंख्याकडे बघावं लागतं. पंखा फिरतोय, टेबलावर चष्म्याचं घर उघडं आहे, फायलीवर पेन आडवं पडलंय, म्हणजे माणूस ‘आत्ता इथेच होता’. पंखा बंद असला तर रजा. कामासाठी हेलपाटे घालणाऱ्या लोकांनाही ही खूण पाठ असते. ते पंख्याखाली बाकावर बसून शांतपणे वाट बघतात.

मी हे स्वतः केलंय, म्हणून सांगते. तीसेक वर्षांच्या नोकरीत चहाला जाताना, बँकेत जाताना आणि एकदा तर लेकीच्या स्नेहसंमेलनाला जाताना मी पंखा मुद्दाम चालू ठेवून गेले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना फक्त बोटाने वर दाखवायचं. त्या मान हलवायच्या. साहेबांनी विचारलं तर उत्तर तयार: “मॅडम आत्ता इथेच होत्या.” पंच्याहत्तर वॉटचा तो पंखा माझ्या हजेरीचा साक्षीदार होता, आणि त्याने कधी साक्ष फिरवली नाही.

अशा माझ्याकडेच एका वर्षी वीज बचतीचं काम आलं. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ चा, आणि त्याखाली दिल्लीत ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सुरू झाला तो मार्च २००२ मध्ये. फ्रिजवर आणि एसीवर जे तारे चिकटवलेले असतात, ते या ब्यूरोचे. तर डिसेंबरच्या सुमाराला वरून परिपत्रक आलं: सप्ताह साजरा करावा, समन्वय अधिकारी नेमावा, अहवाल छायाचित्रांसह पाठवावा. समन्वय अधिकारी मी. मी काय केलं असेल? सूचना टाइप केली. ‘गरज नसताना दिवे व पंखे बंद ठेवावेत. – आदेशावरून.’ बावीस प्रती काढल्या, लॅमिनेशन करून घेतलं, प्रत्येक बोर्डाशेजारी चिकटवून घेतल्या. छायाचित्रं पाठवली. सप्ताह संपला. त्या सूचना पुढे रंगकाम निघेपर्यंत भिंतीवर होत्या, आणि जिन्याखालची तर दिवसभर ट्यूबलाइट लावल्याशिवाय वाचताच येत नव्हती.

त्यावर कुणी हसलं नाही की चिडलं नाही. कुणाला ती दिसलीच नाही. ‘थुंकू नये’, ‘शांतता राखा’ आणि ‘वीज वाचवा’ या तीन पाट्या आपल्या डोळ्यांना भिंतीच्या रंगासारख्या असतात.

शिवाय एखाद्याच्या मनात खरंच आलं असतं, तरी त्याने बंद काय करायचं? आमच्या मोठ्या हॉलमधल्या बोर्डावर चौदा बटणं होती. कोणतं कशाचं, हे एकट्या शिपाई मामांना माहीत. मामा रजेवर असले की पहिलं बटण दाबल्यावर लेखा शाखेतून आरडाओरडा, दुसऱ्यावर बारनिशीतून. तिसरं दाबायचं धाडस कुणी करत नसे. रेग्युलेटरचीही गंमत होती. ते जुने काळे, गोल, वाटीएवढे रेग्युलेटर. पंखा पाचावरून दोनवर आणला की आपण मोठी बचत केली असं वाटायचं. प्रत्यक्षात पंख्यातून वाचलेली बरीचशी वीज त्या रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन जायची. हात लावला की चटका कळायचा. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने खरी बचत होते. पण हे मला समन्वय अधिकारी असताना माहीत नव्हतं, आणि परिपत्रकातही नव्हतं.

मला खरं काय ते कळलं एका शाळेत. माझी मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. सहा खोल्या, खोलीला दोन असे बारा पंखे, व्हरांड्यात काचेच्या पेटीत मीटर. तिथेही भिंतीवर ‘वीज वाचवा’ होतंच, आणि चित्रकलेच्या स्पर्धेतली चित्रंही होती. ब्यूरोतर्फे शाळकरी मुलांसाठी २००५ पासून ऊर्जा संवर्धनाची चित्रकला स्पर्धा घेतली जाते. स्पर्धा कुणाचीही असो, मुलं हमखास एकच चित्र काढतात: डोळ्यांतून आसवं गाळणारा बल्ब. तोही तारेचा, गोल. ज्या मुलांच्या घरात एलईडीशिवाय दुसरा दिवा कधी लागलेला नाही, तीही तोच काढतात.

तर सातवीतल्या एका मुलाने विचारलं, “बाई, मीटरमधला तो लाल दिवा सारखे डोळे का मिचकावतोय?” बाईंनी त्याला मीटरवरचं बारीक अक्षर वाचायला लावलं. त्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला होता. म्हणजे ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मग काय, तास तिथेच भरला. एकाच्या हातात घड्याळ, बाकीचे मोजायला. सगळे पंखे चालू: मिनिटाला अठ्ठेचाळीसच्या आसपास. मोजणाऱ्यांत भांडणं, पुन्हा मोजणी. एकच पंखा: चार. एलईडीची पट्टी: एक. मुख्याध्यापकांच्या खोलीतली चोकवाली जुनी ट्यूब: जवळजवळ तीन. पुस्तकातला किलोवॅट-तास वर्षानुवर्षं पाठ करून पोरांच्या डोक्यात शिरला नव्हता, तो एका तासात बोटांवर आला.

मग काही आठवड्यांनी एकदा बाईंनी सगळं बंद करायला लावलं. पंखे, दिवे, संगणक, सगळं. पोरं मीटरसमोर श्वास रोखून उभी. ठिपका लुकलुकला. एक, दोन, तीन, चार. मिनिटाला चार.

“बाई, कुठंतरी एक पंखा चालूय!”

शाळाभर शोधाशोध झाली. पंखे मोजले, सगळे थांबलेले. शेवटी कुणीतरी धान्याच्या खोलीकडे बोट दाखवलं. पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ जिथे ठेवतात, ती कुलूपबंद खोली. तिथला तेरावा पंखा कुणी मोजणीत धरलाच नव्हता. स्वयंपाकाच्या मावशींकडून किल्ली आणली, दार उघडलं, तर आत अंधारात पंखा आपला फिरतोय. पोत्यांना ओल आली म्हणून मावशींनी आठेक दिवसांपूर्वी बटण दाबलं होतं; तेव्हा वीज नव्हती. वीज येईल तेव्हा येईल म्हणून बटण तसंच ठेवून त्या कुलूप लावून गेल्या. यात मावशींची काही चूक म्हणवत नाही. लोडशेडिंगच्या वर्षांनी आपल्या सगळ्यांनाच ही सवय लावली आहे. बटण चालूच ठेवायचं, म्हणजे वीज आली की कळते.

हिशेब पोरांनीच मांडला. एक पंखा, रात्रंदिवस: दिवसाला १.८ युनिट. बाराही पंखे मधल्या सुट्टीत तासभर रिकाम्या वर्गांत फिरत राहिले, तरी होतात ०.९. एका कुलपामागे त्याच्या दुप्पट जात होतं, आणि ते कुठल्या पाटीने थांबलं नसतं.

त्यानंतर त्या शाळेच्या परिपाठात सुविचार, दिनविशेष आणि बातम्यांच्या जोडीला ‘कालचे युनिट’ आलं. दोन मुलं रोज आकडा उतरवतात आणि वाचून दाखवतात. जास्त आला की सगळे वर्ग एकमेकांकडे बघतात. बोर्डावर कोणतं बटण कशाचं, हे पोरांनी स्केचपेनने लिहून टाकलं. हिरवा ठिपका म्हणजे कुणीही बंद करावं, लाल ठिपका म्हणजे हात लावू नये. लाल फक्त पाण्याच्या मोटरला आणि संगणकाला. आमच्या हॉलमधल्या चौदा बटणांना तीस वर्षांत जे लाभलं नाही, ते दहा रुपयांच्या पेनात झालं.

आता या कौतुकाला थोडी वेसण घालते. ही शाळा मधल्या सुट्टीतली सगळी गळती थांबवून वर्षाला फार तर दोनशे युनिट वाचवेल. तिकडे साहेब मीटिंगला गेले आणि केबिनचा जुना दीड टनी एसी दोन तास चालू राहिला, तर कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो हे धरलं तरी दोन युनिट सहज जातात. म्हणजे अख्ख्या शाळेची दोन दिवसांची बचत एका रिकाम्या खुर्चीला गारवा देण्यात संपते. मुलांना बचतीचे धडे देताना मला हे आठवतं आणि जरा लाज वाटते. त्याहून वाईट म्हणजे, ज्या शाळांना आपण वीज वाचवा म्हणतो त्यांतल्या कितीतरी शाळांची वीज थकबाकीपायी तोडलेली असते. ही बातमी अधूनमधून कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येतेच. सादिलचे, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचे, पैसे आधी खडू, झाडू आणि कागदावर जातात. बिल मागे राहतं. ज्या वर्गात पंखाच फिरत नाही तिथे बचत कसली शिकवायची?

एसीचं आणखी एक. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर असावा, असा नियम आहे. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ब्यूरो सांगतो. तरी सोळा-अठरा अंशांवर गोठवलेल्या मीटिंग हॉलमध्ये मे महिन्यात शाल पांघरून बसलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांच्यातच मी. रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, आणि “साहेब, जरा कमी करता का” म्हणायला सगळ्यांत ज्येष्ठ कोण, यावर खाणाखुणा. जपानने २००५ च्या उन्हाळ्यात कार्यालयांना एसी २८ अंशांवर ठेवा म्हटलं, तेव्हा आधी टाय आणि कोट उतरवायची मोकळीक दिली, आणि खुद्द पंतप्रधान कोईझुमी टाय न लावता लोकांसमोर आले. आपल्याकडे टायची अडचण नाही. रिमोट कुणाच्या हातात, ही आहे.

पण खरी मेख बिलाची. घरी आपण बटण बंद करतो, कारण बिल आपल्याला येतं. कार्यालयात मी तीस वर्षं बसले आणि तिथलं वीजबिल मी एकदाही पाहिलं नाही. समन्वय अधिकारी असताना लेखा शाखेत मागितलं, तर “कशाला हवंय?” असा प्रश्न आला, आणि तो मला अगदी रास्त वाटला. बरं, कुणी हट्टाने बचत केलीच, तर काय होतं? मार्चअखेरीला उरलेलं अनुदान समर्पित करायचं, आणि पुढच्या वर्षी ‘गेल्या वर्षी खर्च झाला नाही’ म्हणून तरतूदच कापली जायची धास्ती. काटकसर करणाऱ्याला दंड आणि उधळ्याला वाढीव तरतूद, असा तो मामला. म्हणून मार्चमध्ये कुणी पंखे बंद करा म्हणत नाही.

जर्मनीत हॅम्बुर्ग शहराने १९९४ पासून शाळांसाठी याच्या नेमकं उलट केलं. वीज, पाणी आणि खोल्या गरम ठेवायचा खर्च शाळेने नुसत्या वागणुकीतून जेवढा वाचवला, त्यातले निम्मे पैसे शाळेच्या हातात, हवे तसे खर्च करायला, निम्मे शहराचे. फिफ्टी-फिफ्टी हेच योजनेचं नाव. पुढे युरोपातल्या इतर देशांतल्या शाळांनीही ती उचलली. शहराचं काही जात नाही, कारण ते पैसे एरवी बिलातच गेले असते. माझ्या मैत्रिणीच्या शाळेला दोनशे युनिटांच्या निम्मे पैसे दिले, तर त्यात फार काही येणार नाही. एक बरा फुटबॉल येईल. पोरांना तो पुरेसा आहे.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२० च्या अखेरीला राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. रोजची वेळ पाऊण तासाने वाढली, शनिवार सुटला. निर्णयाच्या बाजूने दिलेल्या कारणांत वीज बचतही होती. शनिवारी दिवे लागत नाहीत, हे खरं. पण शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला निघताना आमच्या व्हरांड्यातला वॉटर कूलर बंद करायचं कुणाचंही काम नव्हतं. सोमवारी पावणेदहापर्यंत, साडेत्रेसष्ट तास, तो कुणासाठी तरी पाणी गार करत बसायचा.

मागच्या महिन्यात सेवापुस्तकातल्या एका नोंदीसाठी जुन्या कार्यालयात गेले होते. माझ्या टेबलावर आता दुसऱ्या मॅडम बसतात. म्हणजे बसत असाव्यात. पंखा चालू होता, चष्म्याचं घर उघडं होतं. बाकावर बसून कंटाळले, तेव्हा शिपायाला विचारलं, “इथलं मीटर कुठे असतं रे?” पोरगा नवीन. त्याने लेखा शाखेत विचारलं, त्यांनी बांधकाम विभागाकडे बोट दाखवलं. शेवटी जिन्याखाली, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांमागे सापडलं. त्याने दोन गठ्ठे बाजूला केले, मी मोबाइलचा उजेड धरला आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजायला घेतलं. ठिपका इतक्या भराभर लुकलुकत होता की वीसच्या पुढे माझी गणतीच चुकली. “मॅडम, पुन्हा मोजता का?” तो म्हणाला, आणि आणखी एक गठ्ठा सरकवून माझ्याशेजारी उकिडवा बसला.