दीवची सहल

शाळेच्या सहलीसाठी दीव बेटाचे नाव निघाले की मुलांच्या मुखी एकच शब्द असतो : नागवा! ती अर्धचंद्राकार पुळण, काठची होकाची झाडे, संथ पाणी. समुद्राच्या सान्निध्यात वाढलेल्या मजसारख्या कोकणी माणसालाही तिचा मोह पडतो. परंतु दिवसभर लाटांत डुंबावे आणि परतताना अर्ध्या तासात किल्ला 'उरकावा', ही रीत मला पटत नाही.

आपल्या बडोद्याजवळचे चांपानेर हुमायूनने १५३५ साली घेतले. त्याच वर्षी, त्याच्या धास्तीने, सुलतान बहादूरशहाने पोर्तुगीजांना दीवला किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांत येथल्याच समुद्रात त्यांच्याशी झालेल्या झटापटीत सुलतानाचा अंत झाला; मदतीस आलेले हे पाहुणे मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत हलले नाहीत! गोव्याच्या बरोबरीनेच दीव मुक्त झाले.

किल्ल्याप्रमाणेच 'खुकरी'च्या स्मारकापाशीही थांबावयास हवे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ही युद्धनौका बुडाली, तेव्हा १८ अधिकारी व १७६ नौसैनिक कामी आले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही.

म्हणून पुढील सहलीत किल्ला सकाळी, ऊन चढण्यापूर्वी पाहावा. नागवा सायंकाळी, समुद्र काही तोवर पळून जात नाही.