टेबल मिळालं, आता तोंड उघडा

आरोग्याच्या पानावर हॉटेलचा विषय निघाला की सल्ला ठरलेला असतो : बाहेरचं खाऊ नका. आपल्या समाजाला हा सल्ला द्यायला माझं मन धजत नाही. ज्यांच्या आजोबांसाठी चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी असायची आणि ती त्यांनाच विसळून ठेवावी लागायची, त्यांच्या नातवंडांनी पहिल्या पगाराला धरमपेठेतल्या एसी हॉटेलात चार मित्रांना घेऊन बसावं, यात वाईट काय? चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. १९५० साली लागू झालेल्या संविधानात कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हॉटेलचं दार आपल्यासाठी घटनेत लिहून ठेवलेलं आहे. तेव्हा जा, बसा, खा.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण त्या दारातून आत जातो आणि आत गेल्यावर गप्प बसतो.

मोर्चात पोलिसांशी हुज्जत घालणारी, शाळेत मुख्याध्यापकांना स्कॉलरशिपचा हिशेब विचारणारी आमची माणसं नव्या पद्धतीच्या हॉटेलात शिरली की एकदम मवाळ होतात. मंद पिवळे दिवे, जाड पुठ्ठ्याचा इंग्रजी मेन्यू, पदार्थांची कधी न ऐकलेली नावं. वेटर येऊन विचारतो, ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ साधं पाणी द्या म्हणायला जीभ रेटत नाही, मग बाटली उघडली जाते आणि बिलात लागते. हे पहिल्यांदाच आलेत असं कुणाला वाटू नये, म्हणून या पदार्थात काय घातलंय हे विचारायचं नाही, मीठ कमी टाका म्हणायचं नाही, जेवायला किती वेळ लागेल तेही विचारायचं नाही. ही भीती कुठून आली ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. पण तिचा मार आता शरीरावर बसतो.

गेल्या वर्षी आम्ही नर्सिंगच्या बॅचच्या पाचजणी अशाच एका हॉटेलात भेटलो. पाचही जणी चाळिशीच्या पुढच्या, दोघींना शुगर, तिघींना बीपी. टेबलासाठी चाळीस मिनिटं वेटिंग, मग ऑर्डर, मग पुन्हा थांबणं. एक मैत्रीण बोलता बोलता गप्प झाली. कपाळावर घाम, हात थरथरत होते. एसी फुल चालू होता, घाम यायचं कारण नव्हतं. तिने आठ वाजता घरून निघताना ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती आणि आता साडेनऊ होत आले होते. तिला कळत होतं, ती स्वतः नर्स आहे. तरी म्हणते काय, ‘राहू दे, आता येईलच जेवण. साखर मागितली तर काय म्हणतील?’ मी उठून काउंटरवरून साखर आणली, ग्लासभर पाण्यात तीन चमचे विरघळवून तिला पाजली. पंधरा मिनिटांत चेहरा सावरला. मागितल्यावर हॉटेलवाल्यांनी लगेच दिली, कुणी वळूनही पाहिलं नाही.

शुगरच्या रुग्णांनी हे नीट समजून घ्यावं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतात. औषध पोटात आणि जेवण दोन तासांनी, असं झालं की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारसा नसतो, पण हल्ली एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, म्हणून स्ट्रिपवरची नावं वाचा. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घरून घेऊन निघू नका, सोबत ठेवा. ती नेमकी कधी घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, डोस मनाने बदलू नका. घाम, थरथर, धडधड, चिडचिड वाटली की लगेच साखर-पाणी. ब्राउनी किंवा आइस्क्रीम चालणार नाही, त्यातल्या लोणी-मलईमुळे साखर हळू चढते. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच साखर. माणूस बेशुद्ध झाला असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

विदर्भातल्या आपल्या घरांमध्ये सिकलसेलही आहे. एसएस असलेल्या मुलाला मित्र वाढदिवसाला घेऊन जातात आणि तो बरोबर एसीच्या झोतासमोर दोन तास बसतो. एकदम थंडी लागणं, पाणी कमी पडणं आणि दारू, ही तिन्ही कारणं वेदनेचा झटका आणू शकतात. ‘मला जागा बदलून द्या’ या चार शब्दांनी कदाचित मेडिकलच्या वॉर्डातली एक रात्र वाचेल. हे मित्रांनाही माहीत पाहिजे. तो पोरगा स्वतः बोलणार नाही, लाजेल.

पंचशील पाळणारे आपण दारूला नाही म्हणतो आणि ऑफिसच्या पार्टीत त्यावरून चेष्टाही सोसतो. मग हातात मॉकटेल येतं. ३०० मिली साध्या कोल्ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, मॉकटेलमध्ये सिरप आणखी वरून. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम, असं सांगते. लिंबू-सोडा बिनसाखरेचा मागा, मिळतो. बाबासाहेबांना मधुमेह होता, आपल्या कितीतरी घरांत तो आहे, तेव्हा ही गोष्ट थोडी गंभीरपणे घ्या.

मिठाचंही तेच. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही मर्यादा आहे. मोठा चमचाभर सोया सॉसमध्येच २ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. चीज, सूप, पापड वेगळे. स्टार्टर ताजं बनतं, त्यात मीठ कमी टाका म्हटलं की टाकतात. ग्रेव्ही आधीच तयार असते, तिथे इलाज नाही. म्हणून बीपीवाल्यांनी ग्रेव्ही अर्धीच घ्यावी, उरलेली पार्सल करावी. पार्सल मागण्यात कमीपणा वाटणाऱ्यांना मी काय सांगू? पैसे तुम्ही दिलेत.

पैशांवरून आठवलं. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. लावला असेल तर काढायला सांगा. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेन्यूत कॅलरी लिहाव्या लागतात, त्या वाचा. आणि काही विचारायचं असेल तर मराठीत विचारा, नागपुरात वेटरचं घरही बहुधा तुमच्या-माझ्या वस्तीसारख्याच वस्तीत असतं.

पुढच्या वेळी जाल तेव्हा टेबल आधी फोन करून साडेसातचं घ्या, नऊचं नको. पर्समध्ये साखरेच्या दोन-तीन पुड्या टाका. आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारा : दादा, जेवण यायला किती वेळ लागेल?