गोटी पाना घेताना छाप पाहावी की दुकान?

शेतकऱ्याच्या भांडवलात आज बैलाच्या बरोबरीने, किंबहुना काही ठिकाणी त्याहून अधिक, लोखंडाचा वाटा आहे. ट्रॅक्टर, पंप, पेरणी यंत्र, मळणी यंत्र, फवारणी यंत्र यांवर त्याचे हजारो, लाखो रुपये गुंतलेले असतात. परंतु ही यंत्रे ज्यायोगे उघडावयाची व आवळावयाची, त्या पान्यांच्या खरेदीकडे मात्र तो क्षुल्लक बाब म्हणून पाहतो. जमिनीला वापसा आलेला असावा, पेरणी यंत्राच्या फणाचा नट सैल झालेला असावा, आणि नेमक्या त्या वेळी गोटी नटावर घसरून त्याचे सहाही कोपरे गोल व्हावेत, हा प्रसंग गावोगाव घडतो. कोपरे गेलेला नट छिन्नीने तोडावा लागतो, नवा आणण्यासाठी बाजारगाव गाठावे लागते, आणि वापशाचा एक दिवस हातचा जातो. पुष्कळदा बोटांची सालपटे निघतात ती निराळीच. वाचविलेले पैसे व गमावलेला दिवस यांचा हिशेब मांडला, तर स्वस्त गोटी ही बहुधा महागच ठरते.

साहजिकच शेतकरी विचारतो की, कोणत्या छापाची गोटी चांगली? प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धाच आहे. गोटी तुटल्यास ती कोण बदलून देणार, किती दिवसांत देणार, आणि हरवलेली एकच गोटी सुटी मिळणार की नाही, हा त्याचा दुसरा अर्धा भाग होय. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा कमी महत्त्वाचा नाही, हे येथे प्रतिपादावयाचे आहे.

छाप आणि हमी

एकाच दांड्यावर निरनिराळ्या मापांच्या गोट्या बसवाव्यात ही कल्पना घेऊन अमेरिकेत १९२० साली स्नॅप-ऑन ही कंपनी बाजारात उतरली. पाच प्रकारचे दांडे आणि दहा गोट्या यांच्या जोडीने पन्नास पान्यांचे काम भागू लागले. या कंपनीने पुढे विक्रीची एक विशिष्ट पद्धत रूढ केली. तिचा विक्रेता मोटारगाडीत माल घालून कारागिराच्या दारी ठरावीक दिवशी जातो आणि सदोष हत्यार जागच्या जागी बदलून देतो. या मालाची किंमत मोठी असते. त्या किमतीत पोलादाबरोबर विक्रेत्याची ही फेरीही विकत घेतली जाते.

त्याच देशातील क्राफ्ट्समन या छापाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १९२७ पासून सीअर्स या मोठ्या दुकानसंस्थेमार्फत विकली जाणारी ही हत्यारे सामान्य शेतकऱ्याच्या व कारागिराच्या आवाक्यातील होती. हाती वापरावयाचे हत्यार तुटल्यास जवळच्या सीअर्स दुकानात नेऊन बदलून घ्यावे, अशी तिची ख्याती झाली. पुढे २०१७ साली ही छाप स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या कंपनीकडे गेली आणि २०१८ च्या ऑक्टोबरात सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुकाने एकामागून एक बंद झाली. छाप टिकली, ती अन्य दुकानांतून विकली जाऊ लागली. तथापि जेथे सीअर्सचे दुकान हेच हमीचे दार होते, तेथील ग्राहकाला नवे दार शोधणे भाग पडले. हमीचे शब्द हत्यारावर किंवा खोक्यावर छापलेले असतात, पण तिचा प्राण दुकानात असतो, हा यातील बोध आहे.

आपल्याकडील बाजार

महाराष्ट्रातील शेतकऱ्यापुढे आज तीन प्रकारचा माल येतो. पहिला, भारतातील नामांकित कारखान्यांचा. नाशिक येथे कारखाना असलेली तापरिया ही छाप १९६९ पासून हातहत्यारे बनवीत आहे. पंजाबातील जालंधर व लुधियाना ही शहरे तर हातहत्यारांची जुनी केंद्रे असून तेथील माल परदेशीही जातो. दुसरा प्रकार परदेशी नामांकित मालाचा. जर्मनीत रेमशाइड येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या गेडोरे या कंपनीचे उदाहरण यात देता येईल. तिसरा प्रकार म्हणजे आठवडी बाजारात, रस्त्याकडेला अथवा घरपोच योजनेत मिळणारी चकचकीत खोकी. यांवर कधी कोणाचेच नाव नसते, तर कधी नामांकित छापाच्या नावातील एखादे अक्षर बदलून टाकलेले असते.

पहिल्या दोन प्रकारांत गुणांचा फरक असतो, पण रोज आठ तास पाना चालविणाऱ्या कारागिराला तो जितका जाणवेल, तितका आठवड्यातून दोन वेळा नट आवळणाऱ्या शेतकऱ्याला जाणवणार नाही. उलट, ज्या छापाची सुटी गोटी तालुक्याच्या गावी मिळत नाही, ती कितीही उत्तम असली तरी एक गोटी विहिरीत पडताच संच अपुरा होतो. म्हणून शेतकऱ्याने दुसऱ्या प्रकाराचा मोह धरू नये आणि तिसऱ्या प्रकाराच्या वाटेस जाऊ नये. पहिल्या प्रकारातील ज्या छापाचा अधिकृत विक्रेता आपल्या बाजारगावी आहे, ती छाप त्याने निवडावी.

गोटीची पारख

छाप ठरली तरी प्रत्येक गोटी हातात घेऊन पाहिली पाहिजे. ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरे ठोकणे कोणालाही शक्य आहे. शिवाय मिश्र पोलाद चांगले असूनही त्याला पाणी देण्याची क्रिया बिघडली, तर गोटी एक तर मऊ राहते व तिचे आतले कोपरे झिजतात, अथवा ती फाजील कठीण होऊन तडकते. हे दुकानात डोळ्यांनी दिसत नाही. परंतु पुढील गोष्टी दिसतात.

उत्पादकाचे नाव व माप केवळ खोक्यावर नव्हे, तर प्रत्येक गोटीवर स्पष्ट कोरलेले असावे. रंगाने छापलेले माप तेलात लवकरच पुसले जाते. मुलाम्याला पोपडे आलेले नसावेत, कारण सुटलेला मुलामा पात्यासारखा हात कापतो. दांड्याच्या चौकोनी टोकावरील लहान गोळी गोटीला पकडून धरते की नाही, हे उलटे करून पाहावे. आपल्या यंत्रावरील मापाचा एक नवा, स्वच्छ बोल्ट खिशात नेऊन त्यावर गोटी चढवावी. ती सहज बसावी, पण हलवून पाहता खडखडू नये. गोटीच्या तोंडाशी आतून दिलेला उतार फार खोल असेल, तर पातळ नटावर तिची पकड कमी पडते.

गोट्या सहा कोनी व बारा कोनी अशा दोन प्रकारच्या असतात. बारा कोनी गोटी अडचणीच्या जागी लवकर बसते, कारण तीस अंश फिरविताच तिला पुढचा कोन सापडतो. सहा कोनी गोटीस साठ अंश लागतात. परंतु गंजलेल्या, थोड्या झिजलेल्या नटावर सहा कोनी गोटीची पकड अधिक खात्रीची असते. शेतावरील बहुतेक नट माती, पाणी व खत यांनी गंजलेले असतात. म्हणून शेतकऱ्याने सहा कोनी गोटीच मागावी.

माप आणि संख्या

चाळीस नगांचे खोके पाहून मन हरखते. पण त्यातील किती गोट्या आपल्या यंत्रावर चालतात, हे मोजून पाहावे. मेट्रिक मापाच्या ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला १३ ची गोटी लागते. १० मिलिमीटरच्या बोल्टला जुन्या प्रमाणाप्रमाणे १७ ची व नव्याप्रमाणे १६ ची, तर १२ मिलिमीटरच्या बोल्टला अनुक्रमे १९ ची व १८ ची लागते. १६ मिलिमीटरला २४ ची आणि २० मिलिमीटरला ३० ची गोटी बसते. आपल्या ट्रॅक्टरवरील व अवजारांवरील नट एकदा मोजले, तर आठ-दहा गोट्यांत बहुतेक काम भागते, असे दिसून येईल. अर्ध्या इंची चौकोनाचा एक दांडा, एक रॅचेट, एक लांबी वाढविणारी कांडी आणि या निवडक गोट्या एवढा संच नामांकित छापाचा घेणे, हे निनावी चाळीस नगांपेक्षा शहाणपणाचे आहे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही, केवळ पंप व फवारणी यंत्र आहे, त्याने तर चार चांगले रिंग पाने घेतले तरी पुरे.

इंची व मेट्रिक मापांची गल्लत हे नट खराब होण्याचे मोठे कारण आहे. ब्रिटिश व अमेरिकी आराखड्यांवर बांधलेल्या जुन्या ट्रॅक्टरांवर इंची नट आढळतात. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथे १९ ची गोटी बहुधा चालून जाते. परंतु ११/१६ इंच म्हणजे १७.४६ मिलिमीटर. त्यावर १७ ची गोटी चढत नाही आणि १८ ची अर्ध्या मिलिमीटरहून अधिक सैल राहते. अशा ठिकाणी घसरणाऱ्या गोटीचा दोष छापाला देणे अन्यायाचे होईल. ज्याच्या दारी जुना ट्रॅक्टर आहे, त्याने लागतील तेवढ्या इंची गोट्या सुट्या घ्याव्यात.

दुकानदाराला विचारावयाचे प्रश्न

पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. या छापाच्या गोट्या सुट्या मिळतात काय? सदोष गोटी येथेच बदलून मिळेल की कारखान्याकडे पाठवावी लागेल? पाठविल्यास किती दिवस लागतील? आणि हे सर्व पक्क्या पावतीवर लिहून मिळेल काय? जो विक्रेता पहिले तीन प्रश्न हसून टाळतो व चौथ्याला पावतीवरील करामुळे किंमत वाढेल असे सांगतो, त्याच्याकडील उत्तम छापही टाळणे बरे. खोक्यावर उत्पादकाचे अथवा आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे, हे आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार आवश्यक आहे. तो मजकूर नसेल, तर हमी मागावयाची कोणाकडे, हाच प्रश्न उरतो. पावती असल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

न्याय मात्र दोन्ही बाजूंनी असावा. हमी सामान्यतः घडणीतील दोषासाठी असते, गैरवापरासाठी नव्हे. ४५ सेंटिमीटरच्या दांड्यावर ४० किलोग्रॅमचा भार दिला, तर नटावर १८ किलोग्रॅम-मीटर पीळ पडतो. त्याच दांड्यावर नळी घालून लांबी ९० सेंटिमीटर केली, की तोच माणूस तोच भार देऊन ३६ किलोग्रॅम-मीटर पीळ देतो. गोटीची ताकद नळीबरोबर वाढत नाही. जाम नटाला आदल्या रात्री तेल सोडावे, आणि तरीही न सुटल्यास मोठ्या चौकोनाचा दांडा व गोटी वापरावी. हवेच्या किंवा विजेच्या यंत्राने नट सोडावयाचे असल्यास जाड भिंतीच्या काळ्या गोट्या निराळ्या मिळतात. चकचकीत हातगोटी त्या यंत्रावर फुटू शकते व तिचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. ज्या गोटीवर हातोड्याचे घाव दिसतात, ती बदलून द्यावयास विक्रेत्याने नकार दिला, तर त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

एकट्या शेतकऱ्याचा आग्रह दुकानदार मनावर घेत नाही. वीस शेतकऱ्यांची एकत्र मागणी तो नाकारीत नाही. गावातील कार्यकर्त्याने शेतकरी गटाच्या बैठकीत लागणाऱ्या मापांची यादी करावी, दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी दर व बदलून देण्याच्या अटी मागवाव्यात आणि खरेदी एकत्र करवून घ्यावी. ३/४ इंची चौकोनाचा मोठा संच व ठरावीक पीळ देणारा मापी पाना या वस्तू क्वचित लागतात, पण महाग असतात. त्या प्रत्येकाने न घेता गटाच्या अवजारे बँकेत एकच संच ठेवणे योग्य होय.

याहून महत्त्वाचे काम नोंदीचे आहे. तुटलेल्या, झिजलेल्या प्रत्येक गोटीची छाप, माप, खरेदीचे दुकान व तारीख, कोणत्या कामात तुटली, बदलून मिळाली काय आणि किती दिवसांत, एवढी सात सदरे एका वहीत आखावीत. एका हंगामात विशेष काही दिसणार नाही; पण दोन-तीन वर्षांत कोणती छाप टिकते आणि कोणता विक्रेता शब्द पाळतो, हे त्या गावापुरते तरी निश्चित होईल. बियाण्याचा वाण निवडताना शेतकरी शेजाऱ्याचे उभे पीक पाहतो, केवळ पिशवीवरील चित्र पाहत नाही. हत्यारांच्या बाबतीत असे उभे पीक पाहावयास मिळत नाही, म्हणूनच खोक्यावरील चित्राला एवढे मोल आले आहे. ही वही चित्राची जागा घेईल. विक्रेत्यालाही आपले वर्तन लिहिले जात आहे हे कळेल, आणि तक्रारीची तत्पर दखल घेणाऱ्या प्रामाणिक दुकानदाराला त्याचे योग्य श्रेय व गिऱ्हाईक मिळेल.